शौर्य आणि ध्येय : अमेरिकेच्या वीरस्मरणातील एक न सुटलेला प्रश्न

शौर्य ज्या ध्येयासाठी खर्ची पडते, त्या ध्येयापासून सोडवून त्याचा स्वतंत्रपणे गौरव करता येतो काय, हा नीतिशास्त्रातला जुना आणि अडचणीचा प्रश्न आहे. प्लेटोच्या ‘लाखेस’ या संवादात दोन अनुभवी सेनापती आणि सॉक्रेटिस शौर्याची व्याख्या शोधू लागतात आणि ती हाती न लागताच उठून जातात. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या तिसऱ्या खंडात उत्तर दिले खरे, पण त्या उत्तराने प्रश्न अधिकच टोकदार केला. ज्याला भय कळते आणि तरीही जो उदात्त गोष्टीसाठी उभा राहतो तोच खरा शूर, असे सांगून त्याने शौर्यासारख्या दिसणाऱ्या पाच वृत्ती वेगळ्या काढल्या : सरावलेल्या सैनिकाची सफाई, संताप, फाजील आशा, धोक्याचे अज्ञान आणि ज्याला त्याने नागरिकाचे शौर्य म्हटले ती वृत्ती. लोकनिंदेची लाज आणि सन्मानाची ओढ यांतून येणारे हे नागरिकाचे शौर्य त्याने खऱ्या शौर्याच्या सर्वांत जवळ ठेवले, तरी दोन्ही एक मानले नाहीत. राष्ट्रे स्मारके उभारतात आणि पदके देतात तेव्हा ती मृतांचे ऋण फेडतात असे म्हटले जाते. ॲरिस्टॉटलच्या चौकटीतून पाहिले तर ती त्याच वेळी पुढच्या पिढीसाठी लाज आणि सन्मान यांची तजवीजही करीत असतात, आणि म्हणूनच स्मरण ही कधीच निव्वळ कृतज्ञतेची गोष्ट राहत नाही.

या प्रश्नाच्या तपासणीसाठी अमेरिकेचे उदाहरण विशेष उपयोगी आहे, कारण तेथे वीरस्मरणाला जवळजवळ धर्माचे रूप आलेले असूनही राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने कोणत्याही पंथाला राजधर्म होण्याची मनाई केलेली आहे. ही विसंगती समजून घेण्यासाठी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बेला यांनी १९६७ मध्ये ‘नागरी धर्म’ ही संज्ञा वापरली. संज्ञा मुळात रूसोची. १७६२ च्या ‘सामाजिक करार’ या ग्रंथात त्याने असे मांडले होते की, नागरिकांना कर्तव्याची गोडी लागावी म्हणून राज्याला काही मोजक्या, साध्या श्रद्धांची गरज असते. बेलांचे म्हणणे असे की, अमेरिकेत चर्च आणि सिनगॉग यांच्या बरोबरीने, पण त्यांच्यापासून वेगळा, असा एक सार्वजनिक धर्म नांदतो, ज्याचा देव राष्ट्राध्यक्षांच्या भाषणांत येतो पण ख्रिस्ताचे नाव येत नाही, ज्याची क्षेत्रे गेटिसबर्ग आणि आर्लिंग्टन ही आहेत आणि ज्याच्या पंचांगात मे महिन्यातला ‘मेमोरियल डे’ हा मृत सैनिकांचा दिवस मोठा मानला जातो. हा निबंध व्हिएतनाम युद्धाच्या ऐन भरात लिहिला गेला, आणि त्यामागे या धर्माचे कौतुक जितके होते तितकीच तो राष्ट्रपूजेत घसरेल अशी धास्तीही होती, ही गोष्ट त्याचे दाखले देणारे बरेच जण विसरतात.

धास्ती निराधार नव्हती. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाची मुले शाळेत राष्ट्रध्वजाला वंदन करीत नसत, कारण त्यांच्या मते ते मूर्तिपूजेसारखे होते. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वंदनाची सक्ती योग्य ठरवली आणि त्यानंतर या पंथाच्या लोकांवर गावोगावी हल्ले झाले. १९४३ च्या १४ जूनला, म्हणजे अमेरिकेच्या ध्वजदिनीच आणि महायुद्ध सुरू असतानाच, त्याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला. ज्या देशाचे तरुण त्या घडीला नाझी राजवटीशी लढत होते, त्या देशाने वंदन न करणाऱ्या मुलांना संरक्षण द्यावे, यात देशभक्तीचा एक अर्थ व्यक्त झाला, जो रणांगणावरच्या कोणत्याही पराक्रमाइतकाच स्मरणीय आहे.

अमेरिकी वीरस्मरणाची भाषा ज्या एका भाषणाने घडवली ते १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे झाले. अमेरिकेच्या यादवी युद्धात, त्या वर्षीच्या जुलैत तेथे तीन दिवस चाललेल्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१,००० सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले होते, आणि त्यांतील संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, मृतांसाठी केलेल्या दफनभूमीचा तो अर्पण-विधी होता. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचे भाषण जेमतेम पावणेतीनशे शब्दांचे होते. त्यात कोणाही सैनिकाचे नाव नाही, शत्रूचा उल्लेख नाही, गुलामगिरी हा शब्दही नाही. भूमी पवित्र करण्याचा अधिकार जिवंतांना नाही, लढणाऱ्यांनी तो आधीच बजावला आहे, आणि जिवंतांनी स्वतःलाच अपुऱ्या कार्यासाठी अर्पण करायचे आहे, असा विचार मांडून लिंकन यांनी स्मरणविधीची दिशाच उलटी केली. अर्पण होणारे मृत नव्हेत, ऐकणारे. मात्र भाषणाच्या या अमूर्ततेची एक किंमत होती : ज्यात ध्येयाचा उच्चार स्पष्ट नाही असा गौरव पुढे कोणालाही उचलता येतो, आणि तसा तो उचलला गेला.

लिंकन यांना हे जाणवले असावे असे त्यांच्या ४ मार्च १८६५ च्या भाषणावरून वाटते. दुसऱ्यांदा पदग्रहण करताना, विजय डोळ्यांसमोर असताना, त्यांनी युद्धाचे कारण गुलामगिरी हेच होते असे उघड सांगितले आणि त्यापुढे जाऊन असे म्हटले की, दोन्ही पक्ष एकाच बायबलचे वाचक आणि एकाच देवाचे प्रार्थक असले तरी देवाचे हेतू कोणत्याच पक्षाच्या हेतूंशी जुळतील असे नाही. कदाचित हे युद्ध उत्तर आणि दक्षिण या दोघांनाही मिळालेली शिक्षा असेल. विजेत्याने विजयाच्या तोंडावर देवावरचा आपला हक्क सोडून द्यावा, ही धर्माच्या इतिहासात विरळा घडणारी गोष्ट आहे. नागरी धर्म मूर्तिपूजा होण्यापासून वाचायचा असेल तर त्याला स्वतःच्या राष्ट्राचा न्याय करणारा देव लागतो, हे बेलांचे सूत्र मुख्यतः या भाषणावर उभे आहे.

मेमोरियल डेच्या उगमातही ध्येयाचा उच्चार होता. १ मे १८६५ रोजी दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन शहरात, नुकत्याच मुक्त झालेल्या हजारो कृष्णवर्णीयांनी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर मिरवणूक काढली. त्या मैदानाचा युद्धकाळात कैदखाना झाला होता आणि तेथे मेलेल्या संघराज्याच्या २५७ सैनिकांना घाईने पुरले गेले होते. मुक्त झालेल्या लोकांनी त्या कबरी नीट केल्या, भोवती कुंपण घातले आणि फुले वाहिली. आपल्यासाठी कोण मेले हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. पुढे ५ मे १८६८ रोजी जनरल जॉन लोगन यांनी संघराज्याच्या माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख म्हणून ३० मे हा दिवस कबरी सजवण्यासाठी नेमून दिला, त्यावरून त्याला ‘डेकोरेशन डे’ म्हणू लागले. चार्ल्सटनची हकीकत मात्र शतकाहून अधिक काळ लोकांच्या विस्मरणात गेली आणि इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांच्या संशोधनाने ती पुन्हा उजेडात आली.

विस्मरण आपोआप झाले नाही. युद्धानंतरच्या दशकांत उत्तर आणि दक्षिण यांच्यातील गोऱ्या समाजांचा समेट होत गेला आणि त्या समेटाचे सूत्र हेच ठरले की, दोन्हीकडचे सैनिक सारखेच शूर होते, तेव्हा कोण कशासाठी लढले हा वाद आता काढू नये. फ्रेडरिक डग्लस यांनी या सूत्राचा धोका फार लवकर ओळखला. स्वतः गुलामीतून पळून आलेल्या या वक्त्याने १८७१ च्या डेकोरेशन डेला आर्लिंग्टन येथे, अनामिक सैनिकांच्या कबरीशी उभे राहून, राष्ट्र वाचवण्यासाठी लढलेले आणि राष्ट्र मोडून गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेले यांच्यातला भेद विसरण्याविरुद्ध बजावले. त्यांना शत्रूच्या शौर्याबद्दल शंका नव्हती. शंका होती ती शौर्य हा शब्द पडद्यासारखा वापरण्याबद्दल.

याच काळात अमेरिकी वीरांचे एक स्मरण मराठीत झाले आणि ते डग्लस यांच्या बाजूचे होते. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ जोतीराव फुले यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. फुले यांच्या लेखी हे अमेरिकी लोक आदरणीय ठरले ते त्यांच्या निरपेक्ष आत्मत्यागामुळे, आणि हा त्याग कोणत्या कामी आला हे त्याच वाक्यात सांगितल्याशिवाय त्यांना तो त्याग सांगताच आला नसता. अमेरिकेचे सरकार १८७७ मध्ये दक्षिणेतील सैन्य मागे घेऊन मुक्त कृष्णवर्णीयांना त्यांच्या नशिबावर सोडणार होते. पुण्याच्या या समाजसुधारकाने त्या युद्धाचा अर्थ तेथल्या अनेक राजकारण्यांपेक्षा अधिक काळ आणि अधिक नीट जपला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

शौर्याला ध्येयापासून तोडण्याच्या बाजूने सर्वांत ताकदीचे प्रतिपादन ज्याने केले तो माणूस स्वतः तीन वेळा रणांगणावर जखमी झालेला होता, आणि म्हणूनच ते सहज झटकून टाकता येत नाही. ऑलिव्हर वेंडेल होम्स हे विद्यार्थिदशेत गुलामगिरीविरोधाच्या ओढीने सैन्यात गेले, बॉल्स ब्लफ, अँटिएटम आणि चान्सलर्सव्हिल या तिन्ही ठिकाणी ते जखमी झाले, आणि युद्धातून ते परतले तेव्हा निश्चित सत्यांवरचा त्यांचा विश्वास उडालेला होता. ३० मे १८९५ रोजी हार्वर्ड येथे ‘सैनिकाची श्रद्धा’ या विषयावर बोलताना त्यांनी असा विचार मांडला की, पंथ आणि मते यांची पडझड होत असताना एकच गोष्ट निःसंशय उरते, आणि ती म्हणजे ज्या ध्येयाचे आकलन सैनिकाला धड झालेले नाही त्यासाठीही, डोळे मिटून स्वीकारलेल्या कर्तव्यापोटी, प्राण टाकायला लावणारी निष्ठा. येथे ध्येयाची गरज उरत नाही. किंबहुना ध्येय न कळणे हीच निष्ठेची कसोटी होते. ही श्रद्धाहीनाची श्रद्धा आहे. तिच्यात एक भेदक प्रामाणिकपणाही आहे, कारण खंदकातल्या सैनिकाला युद्धाच्या हेतूंचा विचार करायला सवड नसते हे होम्स यांना अनुभवाने माहीत होते. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष भयंकर आहे : गुलामगिरी टिकवण्यासाठी मेलेला आणि ती मोडण्यासाठी मेलेला असे दोघेही एकाच पूजेचे अधिकारी ठरतात, आणि पूजेचा विषय शेवटी मरण हाच राहतो.

दोन वर्षांनी, ३१ मे १८९७ रोजी, होम्स यांचे जुने मित्र आणि तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी बॉस्टनमध्ये जे भाषण केले ते या प्रतिपादनाचे उत्तर म्हणून वाचता येते. प्रसंग होता कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ आणि मॅसॅच्युसेट्सची ५४ वी पलटण यांच्या स्मारकाच्या अनावरणाचा. ही पलटण उत्तरेत उभ्या राहिलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय पलटणींपैकी एक. १८ जुलै १८६३ रोजी चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर चालून जाताना तिचा गोरा सेनानी शॉ वयाच्या पंचविसाव्या वर्षी मारला गेला, आणि शत्रूने त्याला त्याच्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. अवहेलना म्हणून केलेले हे दफन शॉच्या वडिलांनी मुलाचा सन्मान मानला आणि देह उकरून आणू नये असे कळवले. जेम्स स्वतः युद्धात गेले नव्हते, पण त्यांचा धाकटा भाऊ विल्की याच पलटणीत अधिकारी होता आणि फोर्ट वॅग्नरवर गंभीर जखमी झाला होता. डग्लस यांची दोन मुलेही याच पलटणीत होती. म्हणजे शौर्य आणि ध्येय अभिन्न आहेत असे मानणाऱ्या दोन्ही विचारवंतांची घरे त्या एका लढाईशी जोडलेली होती.

जेम्स यांचे प्रतिपादन त्या समारंभाला जमलेल्या माजी सैनिकांसमोर करायला धाडसाचे होते. रणांगणावरचे शौर्य, असे त्यांनी सुचवले, मनुष्यजातीत दुर्मीळ नाही. लाखो वर्षांच्या झुंजींतून ते रक्तातच भिनलेले आहे, आणि सोबत्यांच्या गर्दीत, बिगुलाच्या नादात ते जागे होते. त्याला पुतळ्यांच्या आधाराची फारशी गरज नाही. पुतळ्याची गरज आहे ती एकाकी नागरी धैर्याला. शॉची एका नावाजलेल्या गोऱ्या पलटणीत चांगली बढती झालेली होती. ती सोडून, समव्यावसायिकांचा उपहास पत्करून, ज्या सैनिकांची लढण्याची लायकीच लोक नाकारत होते त्यांच्याबरोबर जाण्याचा निर्णय त्याने घेतला तेव्हा त्याच्याभोवती गर्दी नव्हती, बिगूलही नव्हता. जेम्स यांच्या मते स्मारक व्हायचे ते या निर्णयाचे.

हा विचार जेम्स यांनी जेथे थांबवला तेथून तो पुढे न्यायला हवा, कारण एकाकी धैर्याचे अधिक ठळक उदाहरण त्याच पलटणीतील साध्या सैनिकांनी घालून दिले होते. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर मिळत. कृष्णवर्णीयाला दहा, आणि त्यातून तीन कपड्यांसाठी कापले जात. ५४ व्या पलटणीने हा अपमानकारक पगार घेण्याचेच नाकारले आणि घरी बायकामुले उपाशी असताना वर्षाहून अधिक काळ ती बिनपगारी लढत राहिली. १८६४ मध्ये काँग्रेसने वेतन समान केले. फोर्ट वॅग्नरवर पलटणीचा ध्वज जमिनीला टेकू न देणाऱ्या विल्यम कार्नी यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च लष्करी पदक मिळायला १९०० साल उजाडले. ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांच्या त्या देखण्या शिल्पात कृष्णवर्णीय सैनिकांचे चेहरे मोठ्या आस्थेने कोरलेले आहेत. त्यांची नावे मात्र स्मारकावर १९८० च्या दशकात आली.

जेम्स यांच्या बाजूने निकाल देण्यापूर्वी होम्सवाद्यांचा एक आक्षेप ऐकला पाहिजे. सैनिक ध्येय निवडत नाही. ते त्याच्यावर राज्य लादते. मग चुकीच्या युद्धात पाठवलेल्या तरुणाने सोबत्याला वाचवताना प्राण दिले, तर राज्याच्या पापाची शिक्षा त्याच्या स्मृतीला का व्हावी? जेम्स यांचे हार्वर्डमधील सहकारी जोसाया रॉइस यांनी १९०८ च्या ‘निष्ठेचे तत्त्वज्ञान’ या ग्रंथात यावर एक मार्ग काढला. निष्ठा ही स्वतःच एक मोलाची गोष्ट आहे, म्हणून विरोधकाच्या निष्ठेचाही मान राखावा. पण जे ध्येय इतरांची निष्ठावान होण्याची शक्तीच नष्ट करते ते ध्येय निष्ठेच्या तत्त्वालाच मारक असते, आणि त्याचा गौरव करता येत नाही. हा निकष गुलामगिरीला लावला तर उत्तर स्वच्छ मिळते, कारण गुलामाला आपले ध्येय निवडण्याची, आपल्या कुटुंबाशी एकनिष्ठ राहण्याचीसुद्धा मुभा नसते. दक्षिणेचा शिपाई शूर होता हे मान्य करूनही त्याच्या युद्धाचे स्मारक उभारण्याला नकार देता येतो, असा या विचाराचा निष्कर्ष निघतो. रॉइस यांनी तो इतक्या स्पष्टपणे काढला असता तर बरे झाले असते. प्रत्यक्षात १९१३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी दोन्ही बाजूंचे पन्नास हजारांवर माजी सैनिक गळाभेट घेत होते आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन जुने भांडण विसरल्याचे सांगत होते, त्याच वर्षी त्यांच्या सरकारची खाती वर्णभेदाने विभागली जात होती. १९१४ मध्ये दक्षिणेच्या सैन्याचे स्मारक थेट आर्लिंग्टनमध्ये उभे राहिले. ते २०२३ च्या डिसेंबरात काढले गेले आणि परत बसवण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली.

ख्रिस्ती धर्मविचारात या प्रश्नाचा दुसराच एक पैलू दिसतो. ऑगस्टिनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात रोमन वीरांचा हिशेब मोठ्या बारकाईने मांडला : कीर्तीच्या लोभाने त्यांनी इतर लोभ आवरले, हे खरे, पण त्यांनी कीर्ती मागितली आणि त्यांना ती मिळाली, तेव्हा त्यांचे देणे चुकते झाले. थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात धैर्य या सद्गुणाचे प्रधान कर्म हल्ला नसून टिकून राहणे हे होय, असे ठरवले, कारण हल्ला करणारा स्वतःला बलवान समजत असतो आणि टिकून राहणारा आपल्याहून बलवान संकटाला तोंड देत असतो. पदकांची परंपरा बहुतांशी हल्ल्याच्या बाजूने झुकलेली असते. म्हणूनच तिच्यात अधूनमधून येणारे अपवाद विचारात घेण्याजोगे आहेत. डेस्मंड डॉस हे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे तरुण हिंसा निषिद्ध मानून शस्त्र हाती घ्यायला तयार नव्हते, मात्र सैन्यातून सुटकाही त्यांना नको होती. वरिष्ठांनी त्यांना अपात्र ठरवून घरी पाठवण्याचा खटाटोप केला. मे १९४५ मध्ये ओकिनावा बेटावरच्या एका कड्यावर माघारीनंतर मागे राहिलेल्या जखमींना त्यांनी एकेक करून दोराने खाली उतरवले. पदकाच्या मानपत्रात अशा जखमींचा आकडा सुमारे ७५ दिलेला आहे. त्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्यांना मेडल ऑफ ऑनर दिले. अक्वायनस यांच्या व्याख्येत चपखल बसणारे शौर्य एका शस्त्रहीन माणसात आढळावे, यात काही आश्चर्य नाही. १९४३ च्या ३ फेब्रुवारीला ‘डॉर्चेस्टर’ हे जहाज बुडताना आपली जीवरक्षक जाकिटे इतरांना देऊन टाकणारे चार धर्मोपदेशक, म्हणजे दोन प्रोटेस्टंट, एक कॅथलिक आणि एक ज्यू रब्बाय, हे याच जातीचे. प्रत्यक्ष लढाईतल्या शौर्याची अट आड येऊन त्यांना सर्वोच्च पदक देता आले नाही, म्हणून काँग्रेसला १९६० मध्ये त्यांच्यापुरते वेगळे पदक निर्माण करावे लागले.

पदक हा राज्याने दिलेला निवाडा असतो आणि निवाडे फिरवता येतात, ही गोष्ट अमेरिकेच्या लष्कराने स्वतःच अनेकदा मान्य केली आहे. १९१७ मध्ये निकष कडक करताना ९११ मेडल ऑफ ऑनर रद्द झाली. त्यांत मेरी वॉकर या शल्यचिकित्सक महिलेचे पदक होते, जे १९७७ मध्ये परत बहाल झाले. दुसऱ्या महायुद्धात एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला हे पदक मिळाले नव्हते. १९९७ मध्ये सात जणांना ते दिले गेले तेव्हा व्हर्नन बेकर हे एकटेच हयात होते. याच्या उलट, २९ डिसेंबर १८९० रोजी वूंडेड नी येथे लकोटा स्त्री-पुरुष आणि मुले यांची जी कत्तल झाली तिच्यासाठी सुमारे वीस पदके दिली गेली. काँग्रेसने १९९० मध्ये त्या घटनेबद्दल खेद व्यक्त केला, पण पदकांच्या फेरविचारानंतर २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी ती कायम ठेवली. नव्याने दिलेले पदक कोणाला खुपत नाही. दिलेले काढून घेताना मात्र राष्ट्राला आपल्याच वंशावळीत हात घालावा लागतो.

व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाने वेगळी वाट धरली. १९८२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये उभ्या राहिलेल्या या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीचा आराखडा माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा होता. तीवर आज अठ्ठावन्न हजारांहून अधिक नावे आहेत, हुद्द्याविना, मृत्यूच्या क्रमाने. ध्येयाचा उच्चार नाही आणि वीराचा पुतळाही नाही, यावरून त्या वेळी मोठे वादंग झाले आणि टीकाकारांच्या समाधानासाठी जवळच तीन सैनिकांचा ब्राँझचा पुतळा बसवावा लागला. खोटे ध्येय कोरण्यापेक्षा मौन बरे, हा या भिंतीचा विवेक मान्य करायला हवा. परंतु तिची मर्यादाही उघड आहे : त्या युद्धात ज्यांचे निर्णय गौरवास्पद होते आणि ज्यांचे लज्जास्पद होते त्यांच्यात ती भेद करू शकत नाही.

भेद किती आवश्यक आहे हे १६ मार्च १९६८ च्या माय लाय येथील घटनेवरून कळते. त्या दिवशी अमेरिकी तुकडीने गावातल्या निःशस्त्र लोकांची कत्तल चालवली. मृतांचा आकडा अमेरिकी लष्कराने ३४७ आणि व्हिएतनामने ५०४ दिला. हेलिकॉप्टरचे वैमानिक ह्यू थॉम्पसन यांनी वरून ते पाहिले, आपले हेलिकॉप्टर गावकरी आणि अमेरिकी सैनिक यांच्या मध्ये उतरवले, आणि आपले सैनिक गावकऱ्यांवर गोळीबार करू लागले तर त्यांच्यावरच गोळ्या झाडा, असा हुकूम लॉरेन्स कोलबर्न आणि ग्लेन अँड्रिओटा या साथीदारांना दिला. मग दुसरी हेलिकॉप्टरे बोलावून त्यांनी काही लोकांना बाहेर काढले. अँड्रिओटा यांनी प्रेतांच्या खंदकात उतरून एक जिवंत मूल वर आणले. होम्स यांच्या श्रद्धेला या कृतीत जागा नाही, कारण डोळे मिटून पाळायचे कर्तव्य येथे कत्तलीच्या बाजूला होते. जेम्स यांचे एकाकी धैर्य आणि अक्वायनस यांचे टिकून राहणे यांचे याहून शुद्ध उदाहरण अमेरिकी लष्करी इतिहासात सापडणे कठीण आहे. लष्कराने त्याच वर्षी थॉम्पसन यांना एक पदक दिले खरे, पण मानपत्रात त्यांनी दोन्हीकडच्या तुफान गोळीबारात सापडलेले मूल वाचवले असे लिहिले होते; असा गोळीबार झालाच नव्हता, आणि थॉम्पसन यांनी ते पदक फेकून दिले. १९७० मधील चौकशीत प्रतिनिधीगृहाच्या लष्करी समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स यांचा रोख गुन्हेगारांपेक्षा थॉम्पसन यांच्यावरच अधिक होता.

शौर्याचा गौरव करणारे राष्ट्र खोट्या हकिकतीवर शौर्याचे पदक देऊ शकते, आणि खरी हकीकत सांगणाऱ्यालाच आरोपी ठरवू पाहते, हे एकदा दिसल्यावर शौर्य आणि ध्येय यांना वेगळे ठेवण्याचा आग्रह टिकत नाही. कोण, कोणासमोर, कोणासाठी उभा राहिला हे सांगितल्याशिवाय शौर्याची हकीकत पुरीच होत नाही, आणि अपुऱ्या हकिकतीचा उत्सव हा मृतांचाही सन्मान नव्हे. घटनेनंतर तीस वर्षांनी, ६ मार्च १९९८ रोजी, वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम स्मारकापाशी थॉम्पसन आणि कोलबर्न यांना ‘सोल्जर्स मेडल’ देण्यात आले. अँड्रिओटा माय लायनंतर सुमारे तीन आठवड्यांनी लढाईत मारले गेले होते, त्यांना ते मरणोत्तर मिळाले. लष्कराच्या नियमांनुसार हे पदक ज्या शौर्यात शत्रूशी प्रत्यक्ष लढा नसतो, त्या शौर्यासाठी दिले जाते.